नको असलेला आवाज

शलाका मगदूम नववीत गेली, त्या जूनमध्ये त्यांच्या शाळेला कर्णिका मिळाल्या.

शाळा इचलकरंजीच्या जुन्या भागात, तिन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. माग कधी थांबतच नसत. शेकडो धोटे इकडून तिकडे आपटत राहायचे आणि भिंती, बाकं, फळा असं सगळं त्या खडखडाटात बारीक थरथरत असायचं. शिक्षक ओरडून शिकवायचे. दिवाळी येईतो त्यांचे घसे बसलेले असायचे. एका वर्षी सगळ्या मुलांचे कान तपासले, तर पाचातल्या एकाला कमी ऐकू येत होतं. मग पुण्याच्या एका संस्थेनं पुढाकार घेतला आणि प्रत्येक मुलाला चिंचोक्याएवढं एकेक यंत्र, म्हणजे कर्णिका, दोन्ही कानांत घालायला मिळालं.

विज्ञानाच्या कुंभार बाईंनी ते यंत्र कसं चालतं हे परातीत पाणी घेऊन समजावलं होतं. एका बाजूनं बोटानं लाट उठवली, समोरून अगदी तश्शीच उलटी लाट सोडली, आणि जिथं दोघी भेटल्या तिथं पाणी स्थिर झालं.

"आवाज म्हणजे हवेतली लाट," बाई म्हणाल्या. "कर्णिका मागाचा आवाज ओळखते आणि त्याच्यावर उलटी लाट सोडते. माणसाच्या बोलण्याला हात लावत नाही. पण थोडा आवाज हाडांतून आत शिरतोच. त्याच्यासाठी दुसरी युक्ती आहे. कानाच्या खोलगट भागात कातडीच्या अगदी जवळून एक मज्जातंतू जातो. त्याला हलकासा विजेचा ठोका दिला, की त्या क्षणी मेंदू जे शिकतो ते पक्कं शिकतो. मागाचा आवाज आला की ठोका, आवाज आला की ठोका. सहा महिन्यांत मेंदूच शिकतो, हा आवाज नको. मग कर्णिका काढली तरी माग टोचणार नाही."

"बाई, आईचा आवाज पण असा बंद करता येतो?" मागून कोणीतरी विचारलं. वर्ग हसला. बाईही हसल्या.

शलाकाच्या शेजारी श्रीशैल हुक्किरे बसायचा. दोघं एकाच गल्लीतले, दोन घरं सोडून राहणारे. त्याची आई साड्यांना फॉल लावून द्यायची, वडील सायझिंगमध्ये, सुताला खळ द्यायच्या कारखान्यात, कामाला होते. श्रीशैलला बोलायला फार लागायचं. शाळेतून घरी येईपर्यंतच्या वीस मिनिटांत तो एस.टी.च्या गाड्यांबद्दल बोलत असे. कुरुंदवाडची गाडी कोणत्या डेपोची, कागवाडच्या गाडीला नवा ड्रायव्हर का आला, हुपरीची गाडी नेहमी सात मिनिटं उशिरा का असते. शलाकाला एस.टी.त काडीचा रस नव्हता, पण चालताना ते बोलणं कानावर पडत राहिलं की रस्ता कमी वाटायचा.

ऑगस्टमध्ये भूगोलाच्या तासाला सरांनी त्याला धडा वाचायला उभं केलं. सुट्टीपासून त्याचा आवाज फुटायला लागला होता. 'पंचगंगा' वाचताना 'पंच' एकदम खर्जात गेलं आणि 'गंगा' शिट्टीसारखं वर निघालं. वर्ग हसत सुटला. तो थांबला, घसा खाकरला, पुन्हा वाचायला लागला, पुन्हा तेच. कोणीतरी तीस सेकंद रेकॉर्ड केलं. संध्याकाळपर्यंत ते वर्गाच्या ग्रुपवर होतं. दुसऱ्या दिवशी त्याला ठेका लावलेला होता आणि गिरणीच्या भोंग्याचं चित्र जोडलेलं होतं. आठवड्याभरात गावातल्या चार शाळांत ते पोचलं आणि श्रीशैलचं नाव भोंगा पडलं. बाजारात अनोळखी पोरं त्याच्याकडं बघून 'पंच' म्हणायची आणि पळून जाऊन लांबून 'गंगा' ओरडायची.

तरी तो बोलायचा थांबला नाही. कदाचित तेच सगळ्यांना खटकलं.

कर्णिकेच्या अ‍ॅपमध्ये एक सोय होती. 'नको असलेला आवाज'. घराशेजारी लोहारकाम असेल, पीठगिरणी असेल, तर त्या आवाजाचं तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग भरायचं, कर्णिका तो आवाज ओळखून गाळून टाकायची. इशिता तेरदाळे वर्गात पहिली यायची. तिनं एका कंटाळवाण्या रविवारी त्या जागी श्रीशैलचे तीस सेकंद भरून बघितले. यंत्राला माणूस आणि पीठगिरणी यांतला फरक कोणी शिकवलेला नव्हता.

सोमवारी तिनं ग्रुपवर लिहिलं, "भोंगा बंद होतो. खरंच. काहीच ऐकू येत नाही."

खाली मतदान टाकलं. श्रीशैल बंद. हो की नाही. बुधवारपर्यंत बेचाळीस जणांनी हो म्हटलं होतं. त्रेचाळिसावं मत शलाकाचं, ते राहिलं होतं. चव्वेचाळिसावा श्रीशैल, तो त्या ग्रुपमध्ये नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी शलाका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. आई भाकरी थापत होती, पाच वर्षांचा ओजस पिठाचे गोळे करून भिंतीला चिकटवत होता. फोन वाजला.

"मगदूम, तुझं राहिलंय," इशिताचा मेसेज होता. आणि मागोमाग दुसरा. "ज्यांचं राहिलंय त्यांचे पण तीस सेकंद आहेत आमच्याकडं."

शलाकानं फोन पालथा ठेवला. मग सरळ केला. ते तीस सेकंद तिच्या फोनमध्येही होतेच. अ‍ॅपमध्ये टाकायला दोन बोटं पुरली. हिरवा ठिपका लागला.

"कोणाचा गं मेसेज?" आईनं विचारलं.

"वर्गातला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी श्रीशैल शेजारी येऊन बसला. दप्तराची चेन वाजली, बाक करकरलं, पट्टी खाली पडली, सगळं ऐकू आलं. तो तिच्याकडं वळून बोलायला लागला आणि नुसते ओठ हलले. हातवारे होते, भुवया वर जात होत्या, मध्येच तो हसलाही. तिनं वहीत डोकं घातलं.

त्याला कळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यानं बाकावर पेन्सिलीनं लिहिलं, "मी ऐकू येत नाही का?" इशिता मागच्या बाकावरून बघत होती. शलाकानं खोडरबर काढला आणि ते पुसून टाकलं.

पुढचे सहा महिने असेच गेले. तो वर्गात उभा राहून बोलायचा, कोणी मान वळवायचं नाही. एकदा मधल्या सुट्टीत तो वर्गाच्या मधोमध उभा राहून तोंड मोठं करून काहीतरी ओरडत होता. शिव्या असाव्यात. आजूबाजूला मुलं डबे खात होती. हळूहळू तो गप्प झाला. फक्त घरी जाताना शलाकाबरोबर चालताना तेवढा बोलायचा. ती कर्णिका काढू शकली असती. गल्लीत बघायला कोणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा कानाकडं हात नेला. मग लक्षात आलं, ऐकू येत नाही तोवर वाईटही वाटत नाही. ती मान हलवायची आणि तो वीस मिनिटं तिच्याशी बोलत राहायचा.

फेब्रुवारीत कुंभार बाईंनी त्याला प्रश्नाचं उत्तर वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. बाईंनी वर्गाला विचारलं, "बरोबर सांगितलं का यानं?" त्रेचाळीस चेहरे कोरे. बाई हुशार होत्या. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीची कर्णिका काढून स्वतःच्या कानात घातली आणि श्रीशैलला पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्यांचा चेहरा जो पडला, तो शलाका कधी विसरली नाही.

"सगळ्यांनी काढा," त्या म्हणाल्या. "टेबलावर ठेवा. आत्ता."

टेबलावर ढीग झाला.

"आता वाच, श्रीशैल. सावकाश वाच."

त्यानं वाचलं. मुलं माना खाली घालून ऐकत होती. मागं कोणीतरी रडायला लागलं. शलाका त्याच्यापासून वीतभर अंतरावर उघड्या कानांनी बसली होती. तिला रडणं ऐकू येत होतं. पंखा ऐकू येत होता. पान उलटल्याचा आवाज आला. श्रीशैलचे ओठ हलत होते, आणि त्याच्या तोंडून काहीही येत नव्हतं.

ती कोणाला काही बोलली नाही.

चौकशी झाली, पालक आले, इशिताला आठवडाभर घरी बसवलं. अ‍ॅपमधली ती सोय कायमची काढली. बालकल्याण समितीच्या आदेशानं ते रेकॉर्डिंग सगळ्यांच्या फोनमधून पुसलं गेलं, पुरावा म्हणून एक प्रत तेवढी फाइलमध्ये मोहोरबंद राहिली. मार्चमध्ये श्रीशैलला त्याच्या मामाकडं बेळगावला पाठवायचं ठरलं. निघायच्या दिवशी तो आणि त्याची आई मगदुमांच्या दारात आले. त्याची आई शलाकाला म्हणाली, "तुझ्याबद्दल लई बोलतो बघ. तू एकटीच ऐकतीस म्हणतो." मग तो काहीतरी म्हणाला. विचारल्यासारखं.

"हो," शलाका म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. तो गेला.

नऊ वर्षं गेली. शलाका शर्टिंगच्या एका कारखान्यात कापडाची डिझाइनं करत होती. चौकड्या, रेघा, रंगांचे हिशेब. कॉलेज मुलींचं होतं, कारखान्यात मोठी माणसं होती, त्या वयाची पोरं तिच्या आसपास नसायचीच. कधी रस्त्यात एखाद्या पोराचे दोन-चार शब्द गळायचे, ते ती मागांच्या खडखडाटावर ढकलायची. जे झालं ते झालं, असं ती स्वतःला सांगत आली होती. फक्त गर्दीत कोणी नुसते ओठ हलवताना दिसलं, की ती वाट बदलायची.

ओजस चौदा वर्षांचा झाला. उन्हाळ्यात त्याचा आवाज फुटायला लागला. एका सकाळी तो जिन्यावरून काहीतरी म्हणाला, त्यातलं तिला फक्त "...ला जाऊ का" एवढंच आलं. तिनं लक्ष दिलं नाही. मग वाक्यांची वाक्यं गळायला लागली. जेवताना तो बोलायचा, बाबा उत्तर द्यायचे, आई हसायची. शलाका त्याच्या ओठांकडं बघत बसायची आणि घास तोंडात फिरत राहायचा. ती त्याच्यासमोर यायचं टाळू लागली. ऑफिसातून उशिरा येऊ लागली. तो खोलीत आला की फोन कानाला लावायची.

एके दिवशी ती कामात असताना त्याचा मेसेज आला.

"ताई, मी काय केलं?"

ती खुर्चीवरून उठली, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. मग रजा टाकून घरी गेली आणि ओजसला समोर बसवून, नऊ वर्षांत कोणालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी त्यानं काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. त्यानं फोनवर टाइप करून स्क्रीन तिच्यापुढं धरली.

"त्यानं तुला काय केलं होतं?"

"काही नाही," ती म्हणाली.

मिरजेला डॉक्टर नीलोफर मुल्ला कानांच्या आजारांवर काम करायच्या. कर्णिकेची पोरं त्यांच्याकडं पूर्वीही आली होती. दोन तास तपासण्या झाल्या.

"कान ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "आवाज आत पोचतो. मेंदूच्या दाराशी थांबतो. तुझ्या मेंदूनं एक माणूस बंद केलेला नाही, चौदाव्या वर्षी फुटणाऱ्या एका विशिष्ट आवाजाची घडण बंद केलीय. भावाचा आवाज त्याच्या जवळपास जातो, तेव्हा तोही अडकतो. वर्ष-दीड वर्षात त्याचा आवाज बसेल, मग येईल ऐकू."

"बाकीच्या मुलांना असं झालं नाही, डॉक्टर. त्यांना त्याच दिवशी ऐकू आलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जितक्या वेळा तो आवाज आला, तितके ठोके बसले. बाकीच्यांशी तो बोलत किती होता?"

शलाकानं मनात मोजलं. रोजची वीस मिनिटं. सहा महिने.

"उपाय आहे," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "तोच आवाज, तेच ठोके, पण उलट्या दिशेनं. मेंदूला शिकवायचं, हा आवाज हवा आहे. त्यासाठी मूळ आवाज लागेल. त्या वयातला. त्या मुलाचाच."

बेळगावला श्रीशैल एका डायलिसिस केंद्रात काम करत होता. शलाकानं आधी मेसेज केला होता, त्यावर "ये" एवढंच उत्तर आलं होतं. तो बाहेर आला तेव्हा तिनं त्याला चालण्यावरून ओळखलं. उंच झाला होता, खांदे रुंद, निळा डगला. दारातल्या बाकावर दोघं बसले. तो काही बोलेना.

"चहा घेणार?" तो म्हणाला.

तिला ऐकू आलं. जाड, सावकाश, अनोळखी पुरुषाचा आवाज. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. कर्णिका काढल्यावरही बंदच राहिलेला त्याचा आवाज, ओजस, डॉक्टर, उपाय.

तो तळहातांकडं बघत ऐकत होता.

"म्हणजे मार्चमध्ये, दारात," तो म्हणाला, "मी विचारलं, मेसेज करशील का. तू हो म्हणालीस."

"मला ऐकूच आलं नव्हतं, श्रीशैल."

"मी दोन वर्षं वाट बघितली."

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. तो जाऊन एका म्हाताऱ्या बाईंच्या हाताला पट्टी बांधून आला.

"त्या वयातला माझा आवाज माझ्याकडं नाही," परत बसत तो म्हणाला. "इथं आल्यावर मी बोलतच नव्हतो. मामी म्हणायची, पोरगं मुकं आहे काय. आवाज कधी बसला तेही कळलं नाही मला. एकच रेकॉर्डिंग आहे जगात. तुला माहीत आहे कुठलं."

"समितीच्या फाइलमधून ते काढायला तुझी सही लागते," म्हणत तिनं संमतीचा कागद पुढं केला.

"मला ते पुन्हा कोणाच्या कानात जायला नको होतं." त्यानं कागद घेतला. "भाऊ किती वर्षांचा म्हणालीस?"

"चौदा."

त्यानं सही केली. चहा काही आला नाही.

पहिल्या सत्राला डॉक्टर मुल्लांनी तिच्या कानांत नव्या कर्णिका बसवल्या, डोळे मिटायला सांगितलं आणि ते तीस सेकंद लावले. शलाकाला वाटलं होतं, नुसती शांतता असेल. तसं झालं नाही. मागं मागांची खडखड होती. पान उलटल्याचा आवाज. मग जिथं श्रीशैलचं वाचन असायला हवं, तिथं पोकळी, आणि त्या पोकळीभोवती हसणं. चाळीस मुलांचं हसणं. मध्ये पोकळी, पुन्हा हसणं, या खेपेला मोठं. नववीत हे तिनं शंभरदा ऐकलं होतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्या आवाजाकडं होतं. आता तो आवाज नव्हता, त्यामुळं हसणारा एकेक जण वेगळा ओळखू येत होता. इशिताचं बारीक खिदळणं. मागच्या बाकावरच्या पोरांचं. आणि सगळ्यांत जवळून, इतक्या जवळून की शेजारी बसलेल्या माणसाचंच असू शकेल असं, एक मोकळं, पोट धरून हसणं.

तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी बंद केलं.

"काय झालं? ऐकू आलं काही?"

"मी हसले होते," शलाका म्हणाली. "मी हसले नव्हते, असं मला आठवत होतं."

घरी न जाता ती मिरज स्टेशनबाहेर एका कट्ट्यावर बसली आणि तिनं श्रीशैलला फोन लावला. सांगायला सुरुवात केली, पण शब्द जुळेनात. "त्या रेकॉर्डिंगमध्ये माझं..." एवढ्यावर ती अडली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी शेजारीच उभा होतो की गं."

"मग तरी सहा महिने माझ्याशीच का बोलत राहिलास?"

"तू मान हलवायचीस," तो म्हणाला.

आठवड्यातून दोन सत्रं. तिसऱ्या महिन्यापर्यंत पोकळी तशीच होती. एकोणिसाव्या सत्राला तिला वाटलं, कडेला एक अक्षर आलं. यंत्राच्या आलेखात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, कदाचित आठवणीतून आलं असेल. हसणं मात्र दर वेळी येत होतं, स्वच्छ, आणि आता तिला त्यातले सत्तावीस जण नावानिशी सांगता येत होते.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ओजसचा आवाज बसला. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरातून म्हणाला, "ताई, मीठ कुठं ठेवलंय?" आणि ते पूर्ण वाक्य, एकही शब्द न गळता, तिच्यापर्यंत आलं. ती धावत आत गेली. आईला कळेना, मिठासाठी ही पोरगी रडते का आहे. ओजसला कळलं. त्यानं मुद्दाम शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पहिलीपासूनचे पाढे म्हणून दाखवले.

पुढच्या भेटीत डॉक्टर मुल्लांनी फाइल मिटली.

"चांगलं झालं. भाऊ ऐकू येतोय, श्रीशैलचा आत्ताचा आवाज ऐकू येतोय. तुझं काम झालं. आता थांबलीस तरी चालेल. तो जुना आवाज तसाही जगात कोणाचा राहिलेला नाही."

शलाका पिशवी घेऊन उठली. दारापर्यंत गेली. बाहेर ओजस स्कूटरवर बसून तिची वाट बघत होता.

"मंगळवारी जागा आहे का?" तिनं विचारलं.

"आहे. पण कशासाठी?"

"मंगळवारी चारला येते," ती म्हणाली. "त्याचं वाचन ऐकायचं राहिलंय माझं."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, फाइल पुन्हा उघडली आणि तारीख लिहिली.